गिअरबॉक्स उतरवण्याआधी स्लेव्हचा दांडा मोजा

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात जुनी ऑक्टेव्हिया आरएस, लिनिया टी-जेट किंवा रिमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलेली) डिझेल पोलो हौसेने सांभाळणारे बरेच जण आहेत. यांच्या क्लचवरून चाललेली फसवणूक आता अगदी ठरीव झाली आहे. आधी जास्त ताकदीसाठीचं 'स्टेज टू' क्लच किट विकायचं, सोबत मोठा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) आणि स्टीलच्या जाळीचा पाईप गळ्यात मारायचा. थोड्याच दिवसांत गिअर पडेनासा होतो, रिव्हर्सला खर्र आवाज येतो. गाडी परत नेली की उत्तर तयार असतं: "भाऊ, सिंक्रो गेले. गिअरबॉक्स खोलावा लागेल." सिंक्रो म्हणजे गिअर पडताना चाकांचा वेग जुळवणारी कडी. बॉक्स उतरतो, हजारोंचं बिल होतं, आणि बॉक्स परत चढवताना गुपचूप क्लचच्या तेलातली हवा नीट काढली जाते. गाडी चालायला लागते. मालकाला वाटतं, खरंच बॉक्सच गेला होता. दुखणं हायड्रॉलिकचं आणि पैसे गेले गिअरबॉक्सवर, असं झालेले लोक कमी नाहीत.

म्हणून बॉक्सला पाना लागण्याआधी एवढं कराच. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत ते लोण्यासारखे पडत असतील आणि इंजिन चालू केलं की अडत असतील, तर संशय आधी क्लचवर घ्यायचा. तो पूर्ण सुटत नाही. बऱ्याच बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, त्यामुळे क्लच थोडा जरी ओढत असला तरी पहिला आवाज रिव्हर्सला येतो. 'सिंक्रो गेले' हे निदान रिव्हर्सच्या आवाजावरून करणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता स्लेव्ह, म्हणजे मास्टरकडून आलेल्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलेंडर. तो बॉक्सच्या बाहेर बसवलेला असेल तर एकाने पेडल शेवटपर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने स्लेव्हचा दांडा किती मिलिमीटर सरकला ते पट्टीने मोजायचं. हात-बोटं लिव्हरपासून लांब ठेवा. पेडल भराभर चार-पाच वेळा मारल्यावर दांडा जास्त सरकत असेल तर आत हवा आहे. पेडल अर्धा मिनिट दाबून धरलं आणि दांडा हळूहळू मागे आला, बाहेर मात्र थेंबही नाही, तर मास्टरचा सील आतल्या आत तेल सोडतोय. दांडा पूर्ण सरकून तिथेच टिकतोय आणि तरी गिअर अडतोय, असं असेल तरच पुढचा खर्च विचारात घ्या. तेव्हाही बॉक्स उतरवल्यावर पहिली नजर उलटी बसलेली क्लच प्लेट, वाकलेला फोर्क (क्लच सोडवणारी दांडी) किंवा, असल्यास, अडकलेलं पायलट बेअरिंग (शाफ्टचं टोक पेलणारं) यांवर टाकायची.

स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत, शाफ्टभोवती बसणारा असेल तर दांडा दिसत नाही. तिथे दहा मिलीची सिरिंज कामाला येते. ब्लीडिंग निप्पलला (हवा काढायच्या बारीक तोटीला) पारदर्शक नळी लावून ती सिरिंजला जोडा. निप्पल सैल करा, पेडल एकदाच सावकाश शेवटपर्यंत दाबा, पेडल सोडण्याआधी निप्पल बंद करा. जेवढं तेल आलं तेवढं मास्टर एका दाबात ढकलतोय.

किती यायला हवं, याचा हिशेब सोपा आहे आणि सगळी लबाडी इथेच उघडी पडते. 15.87 मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) मास्टरचं क्षेत्रफळ सुमारे 198 चौरस मिमी. पिस्टन 30 मिमी सरकला तर 5.9 मिली तेल. सुरुवातीला टाकीकडचं भोक झाकेपर्यंतचा थोडा प्रवास वाया जातो, म्हणून हाती त्याहून किंचित कमी येईल. 19.05 मिमीचा मास्टर तेवढ्याच प्रवासात 8.5 मिली ढकलतो. स्लेव्हचा बोअर 20.64 मिमी धरला तर पहिल्याने दांडा 17.7 मिमी सरकतो, दुसऱ्याने 25.5 मिमीच्या पुढे जातो. "मोठा टाका, क्लच कडक बसेल" म्हणत विकणारा हे सांगत नाही, की जास्तीच्या आठ मिलिमीटरांनी क्लच दाबून धरणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं गरजेपेक्षा आत दाबली जातात आणि आतल्या स्लेव्हचा सील आपल्या जागेबाहेर जातो. वर पेडल जवळपास दीडपट जड होतं. प्रेशर प्लेटची पकड मास्टरने वाढतच नाही. ती प्लेटच्या स्प्रिंगवर असते. मूळ गाडीचा बोअर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा आणि तेवढाच मागा.

याच्या उलटही चालतं. मास्टरच्या अंगावर 19.05 कोरलेलं असतं, आत 17.46 मिमीचा बोअर निघतो. तेल सोळा टक्के कमी, म्हणजे गिअर अडणारच. पार्ट बसवण्याआधी व्हर्नियरने तोंडाशी मोजायला दोन मिनिटं लागतात. मोजू न देणाऱ्या दुकानातून पार्ट घेऊ नका. नकली मास्टर ओळखायचा तर टॉर्च लावून बोअरमध्ये बघा. चांगल्या पार्टचा बोअर आरशासारखा एकसारखा दिसतो. नकलीत टूलच्या गोल रेघा राहतात, त्यावर नख अडकतं, आणि त्याच रेघा सीलचे ओठ घासून काढतात. काळं झालेलं तेल निप्पलमधून आलं तर ते झिजलेलं रबर असू शकतं. खोक्यावरच्या चकाकत्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका, तो कुठेही छापून मिळतो.

जाळीच्या पाईपचा घोळ वेगळा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त वाईट. बऱ्याच गाड्यांना एम 10, एक मिमी पिचचा (दोन आट्यांत एक मिमी अंतर असलेला) बँजो बोल्ट, म्हणजे आतून तेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट, लागतो. बाहेरून आलेल्या किटमध्ये कधी कधी तीन अष्टमांश इंचाचा, इंचाला 24 आट्यांचा बोल्ट निघतो. दोघांचे आटे इतके जवळचे, की चुकीचा बोल्टही हाताने आत जातो, पण बसतो ढिला. घट्ट केला तर आटे सोलतात. पेडल दाबताना त्या सांध्यावर ओल येते आणि पेडल वर येताना तिथूनच हवा आत खेचली जाते. मग कितीही वेळा हवा काढा, दोन दिवसांत पेडल पुन्हा मऊ. व्हर्नियरवर बरोबर बोल्टची बाहेरची जाडी 9.8 ते 10 मिमी येते, चुकीचा 9.5च्या आसपास भरतो. सांधा उघडला की तांब्याचे दोन्ही वॉशर नवेच घाला, जुने तापवून पुन्हा वापरू नका.

ऑईलचं तर कुणी विचारतच नाही. क्लचला डॉट 4 ब्रेक ऑईल लागतं, आणि यातल्या बऱ्याच गाड्यांत ते ब्रेकच्याच टाकीतून येतं. हायड्रॉलिक ऑईल म्हणून मिनरल तेल ओतलं तर रबर फुगतं, सील आवळतो, पेडल खालीच राहतं. आणि टाकी एकच असेल तर हा खेळ ब्रेकपर्यंत जातो. घाट उतरताना त्याचं काय होईल ते सांगायला नको. पाण्याच्या ग्लासात थेंब टाका. खरं डॉट 4 पाण्यात मिसळतं, मिनरल वर तरंगतं.

आपल्याकडच्या उन्हाशी जोडलेली दुसरी फसवणूक लोकांना अजून नीट कळलेली नाही. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना नवा क्लच घसरतो, इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. गॅरेजचा निकाल: "क्लचवर पाय ठेवून चालवली भो, प्लेट जळली." आणि दुसरी प्लेट विकली जाते. पुष्कळदा झालेलं एवढंच असतं, की मास्टरच्या पुशरॉडला (पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) मोकळा खेळ ठेवलेला नसतो. दांडा पिस्टनला चिकटून बसला की तेल टाकीत परत जाण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. इंजिनजवळ तेल तापून पसरतं, त्याला वाट नाही, आणि तेच दाबून क्लच अर्धवट सोडवतं. घसरत असतानाच गाडी सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा, डोळ्यांवर चष्मा लावून निप्पल क्षणभर सैल करा. तेल जोरात उडालं आणि त्यानंतर घसरणं थांबलं, तर आधी दांडा ॲडजस्ट करा: पिस्टनला टेकण्याआधी पेडलवर काही मिलिमीटर मोकळा खेळ हवा, नेमका आकडा मॅन्युअलचा. बराच वेळ घसरली असेल तर प्लेटही तपासावी लागेल, पण कारण तसंच ठेवून नवी टाकली तर तीही जळेल.

हवा काढताना निप्पल सगळ्यात उंच बिंदूवर आहे का बघा. नसेल तर स्लेव्ह सोडून तिरका धरा, दांडा आत दाबून बांधा, मगच पेडल मारा. आतल्या स्लेव्हला क्लचचा भार नसताना पेडल कधीच मारू नका, पिस्टन बाहेर येतो. अर्धा लिटर ताजं, सीलबंद तेल पुरतं.

पैसे देताना जुने पार्ट परत मागा, काम सांगण्याच्या वेळीच. बिलावर पार्ट नंबर आणि 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा; महाराष्ट्रातला तो 27ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर लगेच तपासता येतो. 'क्लच काम' एवढंच लिहिलेल्या कागदावर पुढे काहीच सिद्ध होत नाही. फसवणूक झालीच असेल तर पार्टचे व्हर्नियर लावलेले फोटो, सिरिंजमधल्या तेलाचा व्हिडिओ आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जमा करून आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे न मिटल्यास आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. तुम्ही दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. निघालेला नकली मास्टर तोवर तेल पुसून, पिशवीत घालून, जपून ठेवा.