सावलीची कड: सायकल्ससोबतचे आठ महिने

इंटिरियरच्या कामासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला सायकल्स रेंडरर (मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढणारा भाग) वापरायला लागून आठ महिने झाले. बाकी गोष्टींवर भरपूर लिहिलं जातं. मी फक्त सावल्यांबद्दल लिहितो, कारण माझ्या सगळ्यात जास्त रात्री त्यांनीच खाल्ल्या.

पहिलंच काम पुण्यातला दोन बीएचके. गॅलरीला ग्रिल, हॉलमध्ये दुपारचं ऊन. सन लाइटचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सूर्याचा, अँगल (त्याची थाळी किती अंश रुंद दिसते ते माप) मी शून्य ठेवला होता, म्हणजे कडांना नॉइज (दाणेदारपणा) येत नाही. ग्रिलची सावली थेट आतल्या भिंतीपर्यंत पट्टीने आखल्यासारखी आली. घरातल्या आजी बघून म्हणाल्या, "हे काय, रांगोळीचा छापा मारलाय का?" मग घाबरून अँगल ५ अंश केला. ऊन कडक, सावली मात्र ढगाळ दिवसाची! हे तर आणखीच खोटं.

शेवटी शाळेतला ग्रहणाचा धडा कामी आला: प्रच्छाया (पूर्ण काळी सावली) आणि उपच्छाया (कडेची अर्धवट सावली). सूर्य बिंदू नाही, आपल्याला साधारण ०.५३ अंशांची थाळी दिसते. त्यामुळे अडथळ्यापासून दर मीटरला सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर विरत जाते. १२ मिलिमीटरच्या सळईची पूर्ण काळी सावली सव्वा-दीड मीटरच्या आतच संपते, पुढे उरते ती नुसती राखाडी पट्टी. अँगल ०.५३ केला आणि ग्रिलपाशी धारदार, सोफ्यापर्यंत पातळ, अशी सावली आपोआप आली. तेव्हापासून सावली 'मऊ करायची' हा विचारच सोडला. दिव्याचं खरं माप घालायचं, बस.

तेच घरातल्या दिव्यांचं. नेहमीचा एलईडी बल्ब ६ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून पॉइंट लाइटची (बल्बसारख्या गोल दिव्याची) त्रिज्या ०.०३ मीटर. त्रिज्या वाढवली तर एकूण प्रकाश वाढत नाही, फक्त कडा विरतात. हे मला दोन महिने माहीत नव्हतं आणि मी उगाच वॅट कमी करत बसायचो. ट्यूबलाइटची गंमत वेगळीच. चार फुटी ट्यूबखाली लाटणं ट्यूबला समांतर धरा, सावली स्पष्ट पडते. आडवं फिरवा, जवळजवळ नाहीशी होते. लांबट एरिया लाइटने (सपाट, पसरट दिव्याने) रेंडरमध्येही हेच घडतं. खात्री करायला मी खरोखर ओट्यापाशी लाटणं घेऊन उभा होतो, बायको अजून चिडवते.

आता या विरत्या कडांची किंमत, म्हणजे लागणारा वेळ. १९८० साली टर्नर व्हिटेडच्या रे ट्रेसिंगमध्ये (किरणांचा माग काढून चित्र बनवण्याच्या पद्धतीत) दिव्याच्या दिशेने एकच किरण जायचा, म्हणून कड कापल्यासारखी. १९८४ मध्ये कुक, पोर्टर आणि कारपेंटर यांनी दिव्याच्या पृष्ठभागावर किरण विखरून टाकले आणि कडा विरल्या, पण त्याबरोबर दाणेही आले. ते दाणे आजही आहेत. निम्मे करायचे तर सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागे टाकलेले किरण) चौपट लागतात. माझ्या मशिनवर २५६ सॅम्पलला ६ मिनिटं लागणारा सीन १०२४ ला २४ मिनिटं घेतो.

दाणे पुसणारा डिनॉइझर आहेच की, असं मलाही वाटलं होतं. ६४ सॅम्पलवर चालवला तर जाळीची लांबची सावली पुसून गुळगुळीत डाग झाला. चूक माझी. लाकडाची नक्षी डिनॉइझरला अल्बेडोच्या पासमधून (पृष्ठभागांचे नुसते रंग असलेल्या थरातून) कळते, कोपरे नॉर्मलमधून (पृष्ठभागांच्या दिशा असलेल्या थरातून) कळतात, पण सावली या दोन्हींत नसते. ती त्याला दाण्यांतूनच ओळखावी लागते. दाणे जास्त असले की अंदाज चुकतो. जिथे जाळी, ग्रिल किंवा पानं आहेत तिथे मी आता ५१२ च्या खाली जात नाही. वॉकथ्रूमध्ये (घरातून फिरवणाऱ्या व्हिडिओत) तर कमी सॅम्पलवर कडा अक्षरशः उकळतात, तिथे काटकसर नकोच.

गेल्या महिन्यात एका बंगल्याच्या अंगणात आंब्याचं झाड होतं. मॉडेल सापडलं तसंच उचलून ठेवलं, अँगल नेहमीचा. रेंडर आला तर फरशीवर सावलीत उजेडाचे गोल गोल कवडसे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, कवडसे मात्र गोल, कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र. हे मी कुठेही रंगवलेलं नव्हतं. तो एक फ्रेम पाऊण तास चालला, आणि मी खुर्ची ओढून दाणे विरताना बघत बसलो.