अर्धांगवायू झाल्यावर काय करावं? अठराव्या शतकातल्या तीन वाटा: दूरच्या डॉक्टरांना पत्र, बाथचे झरे आणि वीज

साल १७७५ च्या आसपासचं. घर उत्तर इंग्लंडात किंवा स्कॉटलंडमध्ये, एखाद्या लहानशा गावात. घरच्या कर्त्या माणसाचा उजवा हात आणि पाय लुळा पडून महिना होत आला आहे. गावातल्या डॉक्टरांनी रक्त काढलं, जुलाब दिले, मानेवर फोड उठवणारी पट्टी लावली. बोलणं थोडं सुधारलंय, पण हातात अजून चमचा धरवत नाही. पैसे बेताचेच आहेत. पुढे काय करायचं?

अशा घरासमोर तेव्हा साधारण तीन वाटा असत. नामवंत पण दूरच्या डॉक्टरांना पत्र लिहायचं, रोग्याला घेऊन दक्षिण इंग्लंडातल्या बाथ शहराच्या गरम झऱ्यांवर जायचं, किंवा नव्यानेच गाजू लागलेले विजेचे उपचार करून पाहायचे. तिन्हींच्या नोंदी आज उपलब्ध आहेत. त्या वाचून माझा कौल पत्राकडे जातो, पण सरसकट नाही. अंग लुळं पडण्याचं कारण काय, यावर बरंच काही ठरतं.

पत्राची वाट

रोगी न पाहता सल्ला देणं त्या काळी कमीपणाचं मानलं जात नसे. तेराव्या शतकात बोलोन्याचे ताद्देओ आल्देरोत्ती लेखी सल्ले देत. पुढे लायडेनचे बुरहाव्हे आणि लोझानचे टिसो यांच्याकडे युरोपभरातून पत्रं येत. ब्रिटनमधून लिहायचं तर पहिलं नाव एडिंबराचे विल्यम कलन यांचं. त्यांच्या सल्ल्याची हजारो पत्रं एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपलेली आहेत. १७८१ पासून आपल्या उत्तरांच्या प्रती ठेवण्यासाठी ते जेम्स वॉटचं नवं नक्कलयंत्र वापरत. म्हणून रोग्याची तक्रार आणि डॉक्टरांचं उत्तर, दोन्ही आज शेजारी ठेवून वाचता येतात.

पहिली शंका सगळ्यांना येते तीच: नाडी न बघता, अंगाला हात न लावता निदान कसं करणार? पण खाटेशेजारी बसलेल्या डॉक्टरांकडे तरी तेव्हा कोणती साधनं होती? छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केली, पण पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. गुडघ्याखाली टकटक करून पाय उडतो का हे पाहण्याची तपासणी एर्ब आणि वेस्टफाल यांनी १८७५ मध्ये मांडली, आणि तळपाय खरवडून बघण्याची बाबिन्स्की यांची खूण तर १८९६ ची. लुळ्या अंगाची आज जी तपासणी होते ती जवळजवळ सगळी नंतरची आहे. तेव्हाचे डॉक्टर जवळ असले तरी मुख्यतः ऐकून घेत, नाडी, जीभ आणि लघवी बघत आणि विचार करत. त्यामुळे पत्रात नाडीचा वेग आणि बाकीचा तपशील नीट लिहिला, तर दूरच्या डॉक्टरांचं फारसं नुकसान होत नसे. माझ्या मते पत्राच्या बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा हाच, आणि आजच्या वाचकाच्या तो सहज लक्षात येत नाही.

आता उशिराचं. अर्धांगवायूत आज पहिले साडेचार तास मोलाचे, कारण गुठळी विरघळवणारं औषध त्या वेळात देता येतं. तेव्हा असं काहीच नव्हतं. पत्राचं उत्तर यायला आठवडा-दोन आठवडे लागले तरी हातातून एखादा खात्रीचा उपाय निसटत नव्हता. उलट उत्तर येईपर्यंत घरचे थांबले, पुन्हा रक्त काढायला त्यांनी नकार दिला, तर रोग्याचा फायदाच. शिवाय अशा दुखण्यात आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीनेक महिन्यांत होते. नेमक्या त्याच दिवसांत उत्तर हाती पडलं की श्रेय औषधाला मिळे. जुन्या पत्रांतलं 'आपल्या कृपेने हात उचलता येऊ लागला' असं वाक्य वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

खर्च म्हणाल तर सल्ल्याची फी एक-दोन गिनी. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, साध्या मजुराची दोनेक आठवड्यांची कमाई. टपालखर्च वेगळा, तो अंतर आणि कागदांची संख्या बघून आकारला जाई. ही रक्कम लहान नव्हती, पण पुढच्या दोन्ही वाटांपेक्षा तिचा अंदाज आधी बांधता येई आणि ती एकदाच द्यावी लागे.

उत्तरात औषधाची कृती असायची, पण माझ्या मते खरा ऐवज पथ्याचा. मांस किती, दारू किती, पोट साफ कसं ठेवायचं, झोप, कपडे, घोड्यावरून किंवा गाडीतून रोजचा फेरफटका, लुळ्या अंगाला चोळणं. मेंदूला झटका येऊन लुळेपणा आला असेल तर अंग तापवणारे, उत्तेजन देणारे उपाय जपून वापरावेत, नाहीतर झटका पुन्हा येईल, असं कलन बजावत. गावात जो तो काहीतरी जालीम सुचवत असताना एका मोठ्या माणसाने लेखी 'हे करू नका' म्हणणं घरच्यांच्या किती कामी आलं असेल!

पत्राचं यश मात्र लिहिणाऱ्यावर अवलंबून. टिसो यांनी सामान्य लोकांच्या आरोग्यावरच्या आपल्या १७६१ च्या पुस्तकात डॉक्टरांचा सल्ला मागण्याआधी कोणत्या प्रश्नांची उत्तरं तयार हवीत, त्यांची यादीच दिली होती: वय काय, आधी तब्येत कशी होती, दुखणं कधी आणि कसं सुरू झालं, ताप आहे का, झोप आणि भूक कशी, आतापर्यंत काय काय दिलं. लुळेपणासाठी मी त्यात आणखी चार गोष्टी घालीन. एका क्षणात अंग गेलं की हळूहळू? आधी पोटात कळा येत होत्या का? स्पर्श कळतो का? धंदा काय? शेवटचा प्रश्न विसरला तर काय होतं ते बाथच्या भागात येईलच. पत्र शक्यतो दोघांनी लिहावं. गावच्या डॉक्टरांनी नाडी आणि औषधांचा भाग, आणि रोज उठवणाऱ्या-बसवणाऱ्या माणसाने बाकीचं. डॉक्टर स्वतःच्या उपचारांचा परिणाम जरा गोड करून सांगतात. घरचं माणूस तसं करत नाही.

पत्र कधी लिहू नये, हे लंडनचे लेखक आणि कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांच्या दुखण्यावरून कळतं. जून १७८३ मध्ये एका रात्री त्यांची वाचा गेली. डोकं शाबूत आहे का हे तपासायला त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली, मग चिठ्ठी लिहून शेजाऱ्यांना कळवलं. लंडनमधलेच हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी हे डॉक्टर आले, पाठीवर आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना फोड उठवणाऱ्या पट्ट्या लावल्या, आणि काही दिवसांत वाचा परतू लागली. पट्ट्यांनी काही साधलं असेल असं मला वाटत नाही, पण अशा रात्री माणूस जवळच लागतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दम आणि सूज यांनी ते बेजार असताना त्यांचे मित्र आणि चरित्रकार बॉझवेल यांनी एडिंबरामध्ये कलन, मन्रो आणि होप या डॉक्टरांचा सल्ला पत्राने मागवला, तो वेळ पत्राचाच होता. आकस्मिक दुखण्याला शेजारचा डॉक्टर आणि रेंगाळलेल्याला दूरचा, हा क्रम मला बरोबर वाटतो.

बाथची वाट

बाथच्या झऱ्यांचं पाणी जमिनीतून सुमारे ४६ अंश सेल्सिअसला वर येतं. त्यात गळ्यापर्यंत बसायचं आणि तेच प्यायचं, असा तो उपचार. एडिंबराहून तिथे जायचं म्हणजे सहाशे किलोमीटरच्या आसपास खडखडत्या रस्त्याने प्रवास, तोही अर्धं अंग निकामी असलेल्या माणसाचा. मग राहण्याचं भाडं, आंघोळीला नेणारी माणसं, आणि मुक्काम आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा. गरिबांसाठी १७४२ पासून धर्मादाय इस्पितळ होतं, पण ते बाहेरगावच्यांसाठी, आणि भरती होताना अनामत भरावी लागे. त्या पैशातून बरं झाल्यावर परतीचा खर्च व्हायचा, नाहीतर दफनाचा. आधी गावाकडून रोगाची हकीकत लेखी पाठवायची, तिथल्या डॉक्टरांनी ती मान्य केली आणि खाट रिकामी झाली की मगच निघायचं. म्हणजे या वाटेलाही सुरुवात पत्रानेच.

तरी बाथला मी उडवून लावणार नाही, कारण एका प्रकारच्या लुळेपणात तिथे खरोखर गुण येई: शिशाच्या विषबाधेत. रंगारी, नळकाम करणारे, छापखान्यात खिळे जुळवणारे यांच्या पोटात आधी मुरडा येई, मग मनगटं लोंबू लागत. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना हेच होई. दारूच्या घाण्यांत आणि भांड्यांत वापरलेलं शिसं त्याला कारण, हे जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवून दिलं. त्याच वर्षी अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन डॉक्टर प्रिंगल यांच्यासोबत पॅरिसला गेले होते, आणि प्रिंगल यांनी तिथल्या ला शारिते इस्पितळाला भेट दिली. प्रिंगल यांनी तिथून आणलेली, या पोटदुखीतून बऱ्या झालेल्यांची धंद्यासकट यादी फ्रँकलिन यांनी पाहिली, आणि जवळजवळ सगळे शिशाशी काम करणारे निघाले.

अशा रोग्याला बाथमध्ये दोन गोष्टी मिळत. काम सुटल्याने शरीरात नवं शिसं जाणं थांबे, हे उघड आहे. दुसरी कळायला विसावं शतक उजाडावं लागलं: गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर लघवी वाढते आणि तिच्यातून शिसं जास्त बाहेर पडतं, हे प्रयोगांत मोजलं गेलं. त्यामुळे रोगी रंगारी असेल आणि दोन्ही मनगटं लोंबत असतील, तर पत्राच्या उत्तराची वाट न पाहता बाथच्या अर्जाला लागावं. मात्र एक बाजू अचानक गेलेल्या माणसाला तिथे नेण्यात मला अर्थ दिसत नाही. वाट लांब, आणि उष्णतेचा धोका तर कलन यांच्यासारखे डॉक्टर स्वतःच सांगत होते.

विजेची वाट

ही वाट सगळ्यांत मोहाची. जिनिव्हाच्या जालाबेर यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध केलं की बऱ्याच वर्षांपासून उजवा हात लुळा असलेल्या एका कुलूपकाराच्या हातात विजेने हालचाल आली. पॅरिसमध्ये नोले यांनी लुळ्या सैनिकांवर तसेच प्रयोग केले, पण तसं यश मिळालं नाही. लंडनमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७५६ पासून गरिबांना विजेचे उपचार फुकट देण्याची सोय केली. पुढे इस्पितळांनीही यंत्रं घेतली. झटका परवडणारा होता, कधी कधी फुकटही.

सगळ्यांत प्रामाणिक नोंद फ्रँकलिन यांची. २१ डिसेंबर १७५७ रोजी त्यांनी डॉक्टर प्रिंगल यांना कळवलं की पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या भागांतून लुळे रोगी त्यांच्याकडे आणले जात. मोठ्या काचेच्या बरण्यांत साठवलेल्या विजेचे ते दिवसातून तीन झटके देत. लगेच अंगात ऊब येई, रात्री टोचल्यासारखं होई, दुसऱ्या दिवशी जोर वाढल्यासारखा वाटे. पण पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे, रोगी कंटाळून घरी जात आणि पुन्हा पूर्वीसारखे होत. कायमचा फायदा झालेला त्यांनी पाहिला नाही. आणि जो तात्पुरता दिसला तो प्रवासातल्या हालचालीने आणि बरं होण्याच्या आशेनेही आला असेल, असं त्यांनीच लिहून ठेवलं. ज्याच्या हाती यंत्र होतं त्यानेच हे सांगितल्यावर या वाटेवर मी पैसा घालणार नाही. कुणी फुकट देत असेल आणि झटके सौम्य असतील तर रोग्याच्या इच्छेवर सोडावं.

लहान मूल असेल तर

वरचं सगळं मोठ्यांसाठी. ताप येऊन मुलाचा एक पाय लुळा पडला असेल तर हिशेब बदलतो. स्कॉटलंडचे पुढे नावाजलेले कादंबरीकार वॉल्टर स्कॉट दीड वर्षाचे असताना त्यांचा उजवा पाय असाच गेला. आज त्याला पोलिओ म्हटलं जातं. आईचे वडील जॉन रदरफर्ड हे एडिंबराचे वैद्यकाचे प्राध्यापक, म्हणजे या घराला मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घरातच होता. त्यांनी मुलाला खेड्यात मोकळ्या हवेत, वडिलांच्या आईवडिलांच्या शेतावर ठेवायला सांगितलं. पुढे चौथ्या वर्षाच्या सुमारास आत्याबरोबर बाथला पाठवलं. तिथे वर्षभर राहूनही पायाला काडीचा फायदा झाला नाही, असं स्कॉट यांनी स्वतः नोंदवलं आहे. शेतावर मात्र मूल रांगलं, धडपडलं, उभं राहिलं, आणि मोठेपणी लंगडत का होईना मैलोन्मैल चालत असे. अशा घराने बाथचे पैसे वाचवावेत. दूरच्या डॉक्टरांना एकच पत्र लिहावं, आणि त्यात औषध मागण्याऐवजी पायाला रोज किती आणि कशी हालचाल द्यायची, तेवढं विचारावं.