साडेतीन हजारांची सुरी आणि कोथिंबिरीचं तोरण

मी सोलापुरातल्या बाळे भागात घरगुती डबे करते. रोज चार-पाच किलो कांदा, दोन जुड्या कोथिंबीर, वर भाजी वेगळी. गुडघ्यांपायी विळीवर बसणं सुटलं, म्हणून मुलाने हाताने घडवलेली सुरी मागवून दिली. साडेतीन हजार रुपये! विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. अशा सुऱ्या आता बरेच जण करतात आणि खोडी बहुतेक त्याच.

खोकं उघडलं तर शेजारणी बघायला आल्या. पात्यावर हातोडीचे ठोके, वरचा भाग भट्टीतून काढला तसाच काळा खरबरीत, मधोमध तीन भोकं, टोक होडीसारखं वर वळलेलं. मुठीपाशी जाड पितळी कडं, शिवाय चामड्याचं म्यान. म्यान कशाला? मी काय शिकारीला निघालेय?

पातं वरच्या कडेला पाच मिलिमीटर जाड. कांदा मऊ, तो निभावला. गाजर मात्र पाचर ठोकल्यासारखं टक्कन फुटतं नि अर्धा तुकडा फ्रिजखाली जातो. घरातल्या सुरीचं पातं दोनेक मिलिमीटरचं असतं, ते काय लोखंड वाचवायला नव्हे.

भोकांमुळे काप चिकटत नाहीत म्हणे. खरंय, चिकटत नाहीत, अडकतात. उकडलेल्या बटाट्याचा लगदा मी काडेपेटीच्या काडीने कोरून काढलाय. काळ्या खरबरीत भागात कांद्याचा वास राहतो तो वेगळाच.

सगळ्यात वैताग त्या होडीचा. धारेला इतका बाक, की पाटावर मधला दोन बोटं भागच टेकतो. कोथिंबीर चिरून उचलली तर काड्या एकमेकींना धरून तोरणासारख्या लोंबतात. पुन्हा चिरा. मुठीवरच्या बोटांच्या खाचाही कुणा पैलवानाच्या मापाच्या. माझं करंगळीचं बोट दर वेळी उंचवट्यावरच येतं.

पोलाद मात्र खोटं नाही. तीन आठवडे डब्याचं काम करूनही टोमॅटो दाबावा लागला नाही. लिंबाने पातं काळवंडतं, त्याची तक्रार नाही, आपली विळीही काळवंडते. पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. पण एकदा रात्री म्यानात ठेवली आणि सकाळी तांबूस ठिपके. चामडं ओल धरतं, हे सुरीबरोबरच्या कागदावर कुठेच नव्हतं.

मग सायकलवरचा धारवाला आला. त्याने सुरी उलटसुलट केली, अंगठा आडवा फिरवला, चाकाला लावली आणि थांबला.

“अक्का, टाच, म्हंजे मुठीकडची धार, चाकाला लागंना की ओ. हे कडं आडवं येतंय.”

“मग?”

“पुढची धार झिजणार, टाच तशीच राहणार. वर्षभरानं पाटावर टाचच टेकंल बघा. घासू का कडं?”

पितळ घासवेना मला. नको म्हटलं. त्याने वीस रुपये कमी घेतले, म्हणाला अर्धीच तर लावली.

कांदा-कोथिंबिरीला आता परत गड्ड्याच्या जत्रेतली दीडशेची सुरी. पातळ, सरळ, लाकडी मूठ, भोक एकसुद्धा नाही. साडेतीन हजारवाली गुळाची ढेप फोडायला ठेवलीय. त्या कामाला वजन बरोबर आहे.