कोहाचं प्रशिक्षण : वेगवेगळं की एकत्र?

न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली कोहा ही ग्रंथालयाचं कामकाज सांभाळणारी मुक्तस्रोत संगणक प्रणाली आपल्याकडेही अनेक विद्यापीठांत वापरतात. प्रशिक्षण वेगवेगळं ठेवलं तर ग्रंथपाल मार्क २१ नोंदी (पुस्तकांची माहिती ठरावीक साच्यात भरणं) शिकतात, संगणक विभाग लिनक्स. दोघांचेही दिवस वाचतात.

एकत्र बसायला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण देवनागरी शीर्षक शोधात सापडत नाही, तेव्हा चूक नोंदीत आहे की झेब्राच्या, म्हणजे कोहाच्या शोधयंत्रणेच्या, इंडेक्सिंगमध्ये, हे दोघांनी एकाच स्क्रीनसमोर शोधलेलं बरं. बॅकअपचंही तेच. तो नुसता घेऊन भागत नाही, रिस्टोअर करून पाहावा लागतो. आणि कालची देवघेव जागेवर आली का, हे काउंटरवरचा माणूसच ओळखतो. सर्व्हरची उभारणी तेवढी संगणकवाल्यांनी वेगळी शिकावी. बाकी सगळं मी एकत्रच ठेवेन.