एमए अर्थशास्त्र: ऐच्छिक पेपर इकॉनोमेट्रिक्सकडचे घ्यावेत की धोरणाकडचे?

पहिल्या सेमिस्टरला निवडण्यासारखं फारसं नसतं. मायक्रो, मॅक्रो, संख्याशास्त्र, जे येईल ते घ्यायचं. पेच पडतो तो ऐच्छिक पेपरांची यादी हातात आल्यावर. ही यादी दर वर्षी थोडी बदलते, शिकवणारे रजेवर गेले की एखादा पेपर गळतोही, पण वाटा दोनच राहतात. एकीकडे पुढचं इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक दावे तपासण्याचं शास्त्र), टाइम सिरीज (काळानुसार बदलत जाणाऱ्या आकड्यांचा अभ्यास), गणिती अर्थशास्त्र. दुसरीकडे विकास, सार्वजनिक वित्त, पर्यावरण, गोव्याची अर्थव्यवस्था. मी ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, हे सगळं करून बसलो आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे हे फार वेळ लपणार नाही.

धोरणाकडच्या पेपरांना सरसकट 'सोपे' म्हणतात, ते मला पटत नाही. सार्वजनिक वित्तातलं वित्त आयोगाचं सूत्रच घ्या, केंद्राच्या करांतला वाटा राज्यांत वाटण्याचं. पंधराव्या आयोगाने राज्यांसाठी विभाज्य करांचा 41 टक्के हिस्सा ठेवला आणि त्याच्या वाटणीत 45 टक्के भार उत्पन्नातल्या अंतराला दिला. दरडोई उत्पन्नात जे राज्य मागे, त्याला जास्त. या रकान्यात आपण, म्हणजे गोवा, वरच्या टोकाला असल्यामुळे आपल्या पदरात नाममात्रच पडतं. क्षेत्रफळाच्या रकान्यात लहान राज्यांचा वाटा किमान 2 टक्के धरला, म्हणून एकूण हिस्सा निदान 0.386 टक्क्यांवर पोचला. 'दिल्ली आम्हाला काही देत नाही' असं म्हणणारे पणजीच्या बसस्थानकावर हवे तेवढे भेटतील. ते कुठल्या रकान्यात अडतं हे सांगता येण्यासाठी हा पेपर करावा लागतो. शिवाय वर्गात चर्चा रंगतात, आणि या पेपरांमध्ये गोवा भेटतो. इकॉनोमेट्रिक्सच्या वर्गात गोवा सहसा भेटत नाही.

पण माझं घोडं याच पेपरांत एका जागी अडायचं. विकासाच्या पेपरात वाचायला शोधनिबंध देतात. पहिली चार पानं छान कळतात, शेवटची दोन पानंही कळतात. मधे असतात ते तक्ते: कंसातले आकडे, डोक्यावर चांदण्या, खाली बारीक अक्षरात काहीबाही. ही मधली पानं सगळा वर्ग उलटून पुढे जायचा. चट्टोपाध्याय आणि दुफ्लो यांचा 2004 सालचा पंचायतींवरचा अभ्यास आम्ही असाच 'वाचला'. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात जिथे सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, हा निष्कर्ष सगळ्यांच्या वहीत उतरला. तो खरा का मानायचा, हे कुणाच्याच वहीत नव्हतं. त्यातली मेख अशी, की कुठली पंचायत राखीव हे गावाच्या मर्जीवर नव्हतं. 'मुळातच पुढारलेल्या गावांनी बाई निवडली असेल' हा आक्षेप तिथेच गळून पडतो. अभ्यासाचा जीव या एका गोष्टीत आहे, आणि तिचा हिशेब मांडलेला असतो नेमका मधल्या पानांत. दर आठवड्याला कुणाच्या तरी निष्कर्षावर भरवसा ठेवून प्रेझेंटेशन करायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट एवढी खुपणार नाही, हेही शक्य आहे.

आपल्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींचा विषय घ्या; प्रबंधासाठी निम्म्या वर्गाच्या मनात तोच असतो. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. धोरणाच्या पेपरात यावर उत्तम निबंध लिहिता येतो: ट्रकवाले, बार्जवाले, रॉयल्टी, न्यायालयाने सांगितलेला कायमस्वरूपी निधी. पण 'बंदीमुळे डिचोली-सांगे या खाणींच्या तालुक्यांचं किती नुकसान झालं' असा सरळ प्रश्न आला की निबंध लंगडा पडतो. कारण 2011 च्या शेवटी लोहखनिजावरचं निर्यात शुल्क 30 टक्क्यांवर गेलं होतं, आणि पुढच्या काही वर्षांत जागतिक भावही कोसळले. बंदी नसती तरी धंदा आटलाच असता. मग त्यातलं बंदीच्या नावावर किती मांडायचं? तुलनेला किनाऱ्याकडचे बार्देश किंवा सासष्टी तालुके घ्यावेत, तर तिथे पर्यटनाचं वेगळंच चक्र चालू. हे प्रश्न मला सुचायला लागले तेच मुळी इकॉनोमेट्रिक्समुळे. उत्तरं सगळी सापडली असं नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातून तालुक्याचं चित्र निघत नाही, त्यासाठी ते आखलेलंच नाही. पण आकडे कुठे कमी पडतात हे ठामपणे लिहिता येणं, यालाही प्रबंधात वजन असतं.

या बाजूची दुखणी सांगतो. पहिला महिना-दीड महिना मॅट्रिक्सचा, आणि बारावीला गणित सोडलेल्यांना तो जड जातो. शिकवणाऱ्यावर बरंच अवलंबून आहे. नुसती सूत्रं सिद्ध करून घेणारा भेटला तर सेमिस्टर संपेपर्यंत खरा डेटा दिसतही नाही, म्हणून नाव नोंदवण्याआधी वरच्या वर्गातल्यांकडे चौकशी करा. सॉफ्टवेअरची चिंता मात्र नको. आर आणि ग्रेटल दोन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. आमच्यातले बरेच जण मराठी प्राथमिक शाळेतून आलेले. धोरणाच्या पेपरात इंग्रजीतून दहा-दहा पानी उत्तरं लिहायची, तिथे भाषेतच गुण गळतात. इकॉनोमेट्रिक्सच्या उत्तराला इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं. पेडणे-सत्तरीकडची जी मुलं गणिताला घाबरून धोरणाकडे वळली, त्यांना हा हिशेब आधी कुणी सांगायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

परीक्षांचं म्हणाल तर नेट-सेटला दोन्ही बाजू लागतात. भारतीय आर्थिक सेवेच्या पहिल्याच अर्थशास्त्राच्या पेपरात संख्यात्मक पद्धती आहेत, सार्वजनिक वित्त आणि पर्यावरण तिसऱ्यात. सार्वजनिक वित्त घरी वाचून बऱ्यापैकी जमतं. इकॉनोमेट्रिक्स एकट्याने वाचून जमलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

ज्याला पत्रकारितेत, सामाजिक संस्थेत किंवा राजकारणातच जायचंय, त्याने धोरणाचे पेपर खुशाल घ्यावेत. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं तर, इकॉनोमेट्रिक्सचा पुढचा पेपर मिळेल त्या पहिल्या सेमिस्टरला घ्यावा आणि सोबत सार्वजनिक वित्त ठेवावं. विकासाचा पेपर त्यानंतर घ्या, म्हणजे मधली पानं उलटावी लागणार नाहीत. टाइम सिरीज बँकेकडे किंवा रिझर्व्ह बँकेकडे डोळा असेल तरच. पर्यावरण आणि गोव्याची अर्थव्यवस्था यांतलं एकच जमणार असेल, तर प्रबंधाचे मार्गदर्शक जो शिकवतात तो घ्यावा.