ओबीएस आणि यूट्यूबवरून रविवारची उपासना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घराबाहेर पडू न शकणाऱ्यांपर्यंत चर्चची मराठी उपासना पोचवायला ओबीएस स्टुडिओ (कॅमेरा आणि आवाज एकत्र करून इंटरनेटवर थेट पाठवणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) आणि यूट्यूब लाइव्ह ही जोडी पुरते, दोन्ही फुकट आहेत. पैसे घालायचेच तर आवाजावर घाला, कॅमेऱ्यावर नको. चित्र धूसर असलं तरी वयस्कर मंडळी शेवटपर्यंत बसतात. पाळकांचं बोलणं तुटायला लागलं की बंद करतात.

खरा गोंधळ मिक्सरपाशी, म्हणजे सगळे माइक जिथे एकत्र येतात त्या यंत्रापाशी होतो. त्याचा आउटपुट थेट लॅपटॉपच्या माइक जॅकला जोडला की आवाज फाटतो, कारण मिक्सरमधून येणारा जोरदार सिग्नल (लाइन लेव्हल) त्या जॅकला झेपत नाही. मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो सिग्नल यूएसबीने लॅपटॉपला देणारी डबी, हवीच. शिवाय तबला-पेटी चर्चमध्ये माइकशिवायही ऐकू येते, म्हणून मेनमध्ये (चर्चच्या स्पीकरना जाणाऱ्या आवाजात) तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खालीच असतो आणि घरच्यांना ती मिळतच नाही. स्ट्रीमसाठी ऑक्स सेंड (मिक्सरमधून निघणारा दुसरा, वेगळा आउटपुट) घ्या, तोही प्री-फेडर, म्हणजे फेडर खाली असला तरी आवाज जाणारा. मंडळीकडे तोंड केलेला एक माइक फक्त ऑक्समध्ये सोडा. तो नसला तर घरी पाळक एकटेच गातायत असं वाटतं, आणि उपासनेत सामील झाल्याची भावनाच जाते. ओबीएसच्या मीटरवर बोलणं पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे 20 ते उणे 9 डेसिबल ठेवा.

ओबीएसचा आवाजातला गोंगाट काढणारा आरएनएनॉइज फिल्टर पंख्याची घरघर छान काढतो, पण तो माणसाच्या बोलण्यासाठी बनलाय. भजन लागलं की पेटीचे सूर गिळतो. तो बंदच ठेवा आणि मिक्सरवर पाळकांच्या चॅनलचं लो-कट (खालच्या पट्टीतली घरघर कापणारं बटण) दाबा.

गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून येणारी गुणगुण) आहे: मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर घ्या, तरीही राहिली तर आवाजाच्या वायरीत ऑडिओ आयसोलेटर (ही गुणगुण अडवणारी छोटी डबी) लावा. कॅप्चर कार्डमुळे (कॅमेरा लॅपटॉपला जोडणारं उपकरण) चित्र आवाजाच्या मागे पडतं; टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि फरक मिलिसेकंदांत ओबीएसमध्ये आवाजाच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये भरा.

ओबीएसमध्ये चित्राचा आकार 720पी, बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) 2500 केबीपीएस आणि कीफ्रेम (पूर्ण चित्र पाठवण्यातलं अंतर) 2 सेकंद ठेवा. इंटरनेटचा अपलोड स्पीड या बिटरेटच्या दुप्पट हवा, वायफायऐवजी लॅन केबल. यूट्यूबमध्ये लेटन्सी (प्रत्यक्ष आणि पडद्यावर दिसण्यातला उशीर) ‘नॉर्मल’ ठेवा, कमी केली की मोबाइल डेटावर बघणाऱ्यांचं अडकतं. नव्या चॅनलला लाइव्ह सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागतात, तेव्हा हे काम शनिवारी रात्रीवर ठेवू नका.

कॉपीराइटचं एक: अनेक मराठी ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी ना. वा. टिळक 1919 साली गेले, त्यांच्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही. पण एखाद्या कंपनीचं रेकॉर्डिंग किंवा ट्रॅक वाजवलात तर यूट्यूबवर त्या कंपनीचा हक्काचा दावा (क्लेम) येऊ शकतो. वाद्यं स्वतः वाजवा.

लाइव्ह चॅटमध्ये लोक प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावं लिहितात आणि ती सगळ्या जगाला दिसतात. एका समंजस व्यक्तीला मॉडरेटर (चॅटवर लक्ष ठेवणारी व्यक्ती) करा, तिने असे मेसेज काढून विनंती पाळकांच्या व्हॉट्सॲपवर घ्यावी.