केसांच्या गोळ्या चालू असताना तपासण्या कुठे करायच्या: ऑनलाइन पॅकेज की फॅमिली डॉक्टर?

केस गळणं रोखायची फिनास्टराइड ही गोळी घ्यावी की नाही यावर इथे बोलत नाहीये. ती तुमची सुरू झालीये, सोबत कदाचित मिनॉक्सिडिलची गोळी पण आहे, आणि आता ‘अधूनमधून तपासत राहा’ या सल्ल्याचं नेमकं करायचं काय हा प्रश्न आहे, असं धरून लिहितोय. पर्याय दोनच. एक म्हणजे घरी येऊन रक्त घेऊन जाणारं ऑनलाइन फुल बॉडी पॅकेज, दुसरा म्हणजे फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जवळच्या लॅबमध्ये जाणं. दोन्ही करून बघितलंय.

पॅकेजची सोय नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी सातच्या आत माणूस दारात, उपाशीपोटी कुठे गाडी काढायला नको, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर, आणि आधीचे आकडे ॲपमध्ये ग्राफ काढून ठेवलेले. डिस्काउंट लागलं की पैसेही कमीच जातात. शिवाय तिथे कोणी विचारत नाही की गोळ्या कशाला खातोयस. आमच्या डॉक्टरांकडे एकतर तासभर बाकड्यावर बसा, आणि आत गेलं की दार उघडंच, ‘अरे टक्कल पडलं तर पडू दे की, लग्न झालंय ना तुझं’ हे बाहेरच्या सगळ्या पेशंटना ऐकू जाईल अशा आवाजात. गुरुवारी दवाखाना बंद. तेव्हा पॅकेज घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण पॅकेजच्या फॉर्ममध्ये नाव, वय, मोबाईल, पत्ता, सगळं असतं, आणि ‘सध्या कोणतं औषध चालू आहे’ हा रकानाच नसतो. निदान मी भरला त्यात तरी नव्हता, आणि रक्त घ्यायला आलेल्या मुलाला सांगितलं तर तो म्हणे, ‘सर, बारकोडवर तसं काही टाकता येत नाही.’ आता यात एवढं काय, असं वाटेल, म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगतो.

एकदा रिपोर्टमध्ये थायरॉइडचे दोन आकडे, टीएसएच खाली आणि टी-फोर वर, दोन्ही लाल अक्षरात, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय असं दिसत होतं. तासाभरात कंपनीच्या हेल्थ ॲडव्हायझरचा फोन, थायरॉइडचं मोठं पॅकेज घ्या, आज बुक केलं तर अर्ध्या किमतीत. मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी बघितली, ती थोडी जास्तच होती, म्हणजे थायरॉइडच्या गोष्टीला अजून दुजोरा. पण मिनॉक्सिडिल मुळात बीपीचं औषध, त्याने नाडी वाढू शकते हे त्यांच्या डोक्यात होतं. वजन तेवढंच, हात थरथरत नाहीत, झोप नीट, म्हणून ते म्हणाले घाई नको, आधी परत करून बघू. लॅबमध्ये सुई लावायच्या आधी पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सहज विचारलं, ‘केसांसाठी बायोटिन वगैरे घेता का हो?’ घेत होतो, त्या व्हिटॅमिनची दहा हजार मायक्रोग्रॅमवाली गोळी. मॅडम म्हणाल्या ती बंद करा आणि दोन-तीन दिवसांनी या, आज रक्तच घेत नाही. नंतर केलं तर सगळं नॉर्मल.

थायरॉइडच्या बऱ्याच मशीनमध्ये तपासणीची पद्धतच बायोटिनवर चालते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-थ्री, टी-फोर खोटे जास्त दिसू शकतात. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्टसुद्धा यामुळे फसू शकते, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिलाय. आणि केस गळणारा माणूस बायोटिन खात नाही असं सहसा होत नाही.

पीएसएचं, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात त्या रक्ततपासणीचं, याहून नाजूक आहे. फिनास्टराइडने सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो, पाच मिलिग्रॅमवर तर येतोच, पण केसांच्या एक मिलिग्रॅमवरसुद्धा बराच खाली जातो. म्हणजे रिपोर्टवर २.५ आला तर ॲप हिरवा टिकमार्क देणार आणि डॉक्टर तो पाचच्या आसपास धरून विचार करणार. शिवाय गोळी चालू असताना आकडा आधीच्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षा वर चढायला लागला तर तो नॉर्मल रेंजमध्ये असला तरी दाखवायचा असतो. तिशीतल्या पोरांना याची काळजी नको, पण चाळिशी ओलांडलेल्याने गोळी सुरू करायच्या आधी एकदा पीएसए करायचा का, हे डॉक्टरांना विचारलेलं बरं.

लिव्हर, किडनी, व्हिटॅमिन यांच्या भल्यामोठ्या यादीबद्दल माझं मत असं की तब्येत मुळात ठीक असेल तर या गोळ्यांपायी दर तीन महिन्यांनी ते सगळं करायची गरज नसते. आमच्या डॉक्टरांनी तर मागितलंही नाही. डीएचटी, म्हणजे केस गळवणारं हार्मोन, त्याची टेस्ट तर सोडाच, फिनास्टराइडने तो कमी होणारच, त्यासाठीच तर खातोय.

बघायच्या गोष्टी बऱ्याचशा रक्तात नाहीतच. मिनॉक्सिडिल असेल तर घरचं बीपी मशीन, बसल्या जागी नाडी, घोट्यावर सूज, आणि चार दिवसांत अचानक दोन-अडीच किलो वजन वाढणं. फिनास्टराइड असेल तर लैंगिक इच्छा कमी होणं, छातीत दुखणं किंवा गाठ लागणं, आणि मूड. मूडचं हसण्यावारी नेऊ नका. युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केलाय. तसं काही वाटायला लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे, आणि घरच्या एकाला आधीच सांगून ठेवायचं, कारण बदल आपल्या आधी त्यांना दिसतो. यातलं कुठलंच पॅरामीटर पॅकेजमध्ये नाही, आणि आमचे डॉक्टर कितीही टोमणे मारोत, ‘चिडचिड वाढलीये का रे?’ हे दर वेळी विचारतात.

रक्तदानाचंही त्यांनीच सांगितलं, फिनास्टराइड बंद केल्यावर महिनाभर आणि तिच्याच जातीची ड्युटास्टराइड असेल तर सहा महिने थांबायचं, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका.

तुमची नोकरी शिफ्टची असेल, नवीन शहरात ओळखीचा डॉक्टर नसेल, तर पॅकेज घ्या, वाईट नाही. फक्त बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि रिपोर्ट गोळ्यांच्या नावांसकट कुठल्यातरी डॉक्टरला दाखवा, ॲपच्या रंगांवर जाऊ नका. मी स्वतः आता चिठ्ठी घेऊनच जातो. वडिलांसाठी मात्र अजून पॅकेजच मागवतो, त्यांना तीन जिने उतरवत नाहीत. प्रोस्टेटसाठी त्यांनाही फिनास्टराइडच चालू आहे, पाचवाली, तेव्हा त्यांच्या रिपोर्टच्या प्रिंटवर औषधाचं नाव मी पेनने लिहितो आणि मगच डॉक्टरांकडे पाठवतो.